गाडीच्या तोंडावर काहीच नाही

पुणे,
५ नोव्हेंबर

आबांना दिपालीचा वाकून नमस्कार. आईच्याही पाया पडते. तिला हे मोठ्याने वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

मोबाईल असताना मी तुम्हाला पत्र लिहिते याचं माझ्या ऑफिसातल्या मुलींना फार हसू येतं. पण फोनवर तुम्ही "बरं हाय, तू बरी हायस ना, ठिवू का" याच्यापुढे जात नाही. मी बीडच्या वसतिगृहात होते आणि तुम्ही मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडत होता, तेव्हा ज्या गावात मुक्काम पडेल तिथून तुमचं कार्ड यायचं. त्या कार्डांवर तुम्ही किती बोलायचात! म्हणून कागद.

आता मुद्दा. शेजारच्या हनुमानदादाने फोनवर सांगितलं की वस्तीच्या वळणावर गाडीचा डावा दिवा फुटला आणि बंपर चेपला. गाडीत वस्तीवरची उज्ज्वला होती, चार दिवसांच्या लेकरासकट, बीडच्या दवाखान्यातून सुटून आलेली. कुणाला खरचटलंही नाही हे त्याने आधी सांगितलं म्हणून बरं, नाहीतर मी ऑफिसच्या जिन्यातच आडवी झाले असते.

आबा, मी दिवसभर काम करते ते याच गोष्टीचं. आमची कंपनी गाडीच्या काचेला लावायचं एक यंत्र विकते. तळहाताएवढा डबा. त्याला दोन डोळे. बाहेरचा डोळा रस्ता बघतो, गाडी पट्ट्याबाहेर जायला लागली की स्टिअरिंगचं चाक सावरतो, समोर काही आलं की वेग कमी करतो. आतला डोळा ड्रायव्हरकडे बघतो, पापणी मिटली की ओरडतो. पण तो डबा कुठल्याही गाडीला चालत नाही. गाडीला कारखान्यातूनच समोर बघायची सोय असावी लागते, नाहीतर डबा सांगेल आणि गाडी ऐकणार नाही. गिऱ्हाईक फोन करतं, मी त्याला प्रश्न विचारते आणि बसेल की नाही ते सांगते. आज गिऱ्हाईक तुम्ही.

चाकावर डाव्या-उजव्या हाताला बटणं आहेत का, आणि त्यांत एखाद्यावर छोट्या गाडीचं चित्र आहे का? आरशाच्या मागे, काचेला चिकटून काळा डबा आहे का? ड्रायव्हरच्या दारात चिकटवलेल्या कागदावर काय लिहिलंय? आणि मीटरवर पिवळा दिवा लागतो का?

गाडी यंत्र बसण्याजोगी निघाली तर मी स्वतः येऊन ते बसवते. नाही निघाली तर गाडी हनुमानदादा चालवेल आणि तुम्ही शेजारी बसाल. रागवायचं तर रागवा.

तुमची
दिपाली

*

खंडागळे वस्ती, चौसाळा
११ नोव्हेंबर

चि. दिपालीस आबाचा आशीर्वाद पोचावा.

तुझं पत्र आलं. आईला सगळं वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. तुझी अट ऐकून ती म्हणाली, "लेक शिकली आन् बापाची मास्तरीण झाली." मला तिच्या बोलण्यात कौतुकच जास्त दिसलं.

हनुमान्याचं तोंड म्हणजे फुटकी घागर. एवढंसं काय झालं ते पुण्यापर्यंत गळालं. अगं, सटवाची मेंढरं आडवी आली, मी गाडी बाजूला घेतली, तिथं हद्दीचा दगड होता. दिवा फुटला. दिवा काय, नवा बसतो. मेंढरू वाचलं, बाळंतीण वाचली. तीस वर्षं मी दोनशे मेंढरं रस्त्याने नेली, ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आता मीच गाडीत बसून मेंढरांना शिव्या द्याव्यात हे देवालाही हसू येण्यासारखं आहे.

तुझे प्रश्न. चाकावर बटणं दोन्हीकडे आहेत. एकावर गाडीचं चित्र आहे, तिच्यापुढे तीन रेघा. मी आजवर दाबलं नाही. डॉक्टरसाहेबांनी गाडी विकताना म्हटलं होतं की वरच्या दर्जाची आहे, लई सोयी आहेत, पण मला हॉर्न आणि ब्रेक सोडून तिसऱ्या सोयीची गरज पडली नाही. आरशामागे काळा डबा आहे. तो कशाचा ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याच्यावर बिरोबाचा फोटो आणि लोकरीचा गोंडा टांगला होता. दारातला कागद हनुमान्याने उतरवून दिला आहे, मागच्या पानावर बघ. मीटरवर पिवळा दिवा मला दिसत नाही.

शेजारी बसायचं म्हणतेस. वस्तीवर गाडी माझी एकट्याची. मंडळी ऊसतोडीला गेली, मागे राहिल्या म्हाताऱ्या आणि बाळंतिणी. त्यांनी दवाखान्यासाठी हाक मारली की मी उठतो. मेंढरं विकल्यावर दोन वर्षं मी भिंतीला टेकून बसलो होतो, ते तू पाहिलंस. गाडी आली आणि मी पुन्हा कुणाच्या तरी कामाचा झालो. म्हणून प्रश्न नीट तपास. घाईने नापास करू नको.

एक विचारायचं होतं. तो आतला डोळा खरंच ओरडतो का? की नुसता गिऱ्हाइकाला सांगायला?

तुझा
आबा

*

पुणे,
१६ नोव्हेंबर

आबा, पास! निम्मे पास.

दारातल्या कागदावरचे आकडे मी आमच्या यादीत घातले आणि तुमची गाडी यादीत निघाली. डॉक्टरसाहेब खोटं बोलले नव्हते. आरशामागचा तो काळा डबा म्हणजे गाडीचा स्वतःचा कॅमेरा आहे, आणि तुम्ही दोन वर्षं त्याला बिरोबाच्या पाठीकडे बघायला लावलंय! फोटो आणि गोंडा काढून खाली डॅशबोर्डवर ठेवा. देवालाही समोरचं दिसेल.

आता एकच काम. मोकळ्या रस्त्यावर, चाळीस-पन्नासच्या वेगात ते चित्रवालं बटण दाबायचं आणि मीटरवर काय अक्षरं येतात ती जशीच्या तशी लिहायची. हिरवं चित्र आलं तर पूर्ण पास.

आतला डोळा खरंच ओरडतो. आमच्या बद्रीनाथने, तो यंत्रं बसवतो, मुद्दाम डोळे मिटून बघितलं तर डब्याने अख्खी गल्ली गोळा केली. तुम्हाला त्याची काळजी वाटत असेल की हा आपल्यावर पहारा ठेवणार. ठेवणारच. तुम्ही डुलकी घेणाऱ्यांतले नाही, तेव्हा तुम्हाला त्याचा त्रास होणार नाही.

आई गुडघ्याला तेल लावते का?

दिपाली

*

खंडागळे वस्ती
२२ नोव्हेंबर

चि. दिपाली,

तू सांगितलंस तसं केलं. फोटो खाली घेतला. हनुमान्याला चाकावर बसवलं, मी शेजारी. मला अक्षरं बघायची होती ना, म्हणून. हायवेला लागल्यावर बटण दाबलं. "टुंग" असा आवाज आला आणि मीटरवर इंग्रजी आलं. हनुमान्याने वाचलं, "समोरचं रडार उपलब्ध नाही." तीन वेळा दाबलं, तीन वेळा तेच. हिरवं चित्र काही आलं नाही.

रडार म्हणजे काय ते हनुमान्याला नीट सांगता येईना. तो म्हणतो, "काका, विमानाला असतंय ते." मी म्हटलं, "आपल्या गाडीला पंख हायेत का बे?"

काय ते बघ आणि लवकर कळव. मला ते यंत्र बसलेलं हवं आहे. हे मी नुसतं तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही.

आई तेल लावते. तूही वेळेवर जेव.

आबा

*

पुणे,
२७ नोव्हेंबर

आबा,

आज गिऱ्हाइकाला सांगते तसं सांगणार आहे, कारण मुलगी म्हणून सांगायला घेतलं तर जमत नाही.

रडार म्हणजे गाडीचा तिसरा डोळा. तो अंधारात, धुक्यातही समोरच्या वस्तूचं अंतर मोजतो. आमच्या डब्याला त्याची साथ लागतेच. तो दोन कारणांनी बंद पडतो. एक, त्याच्यासमोर काही आलं तर. गाडीच्या तोंडावर चिखल साचलाय का, जाहिरातीचं स्टिकर, प्लास्टिकची पिशवी, जादा पाटी, असं काही आहे का ते नीट बघा. दुसरं कारण म्हणजे धडक. मला भीती त्याचीच आहे. दगडाच्या धक्क्याने रडार मोडलं असेल, तर ते आपल्याकडे दुरुस्त होत नाही, आणि मोडक्या रडारच्या गाडीला आम्ही यंत्र बसवत नाही. बद्रीनाथलाही विचारलं. तोही हेच म्हणाला. फुटलेल्या बाजूचा आणि समोरचा एक फोटो काढून पाठवा, तो बघेल म्हणतो. पण आशा ठेवू नका.

तोंडावर काही नसेल तर ठरल्याप्रमाणे गाडी हनुमानदादाकडे. परवा तुम्ही शेजारी बसलातच ना, तशी सवय होईल. मला ठाऊक आहे, ही गाडी तुम्हाला कळपासारखी आहे. मला वाईट वाटतंय, पण तुम्ही मला जास्त हवे आहात.

दिपाली

*

खंडागळे वस्ती
४ डिसेंबर

दिपाली,

गाडीच्या तोंडावर काहीच नाही. चिखल नाही, स्टिकर नाही, पिशवी नाही. मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतो. रविवारी तर आई स्वतः पुढे बसून पुसते. फोटो सोबत आहे, हनुमान्याने काढला आणि चौसाळ्याच्या स्टुडिओतून कागदावर छापून आणला.

आता जे लिहितो ते आईला वाचून दाखवलेलं नाही.

त्या दिवशी सटवाची मेंढरं आडवी आली नव्हती. म्हणजे आली होती, पण ती त्यांच्या वेळेला, त्यांच्या वाटेने रस्ता ओलांडत होती. दुपारचं जेवून मी बीडहून निघालो होतो. ऊन अंगावर येत होतं. मागे उज्ज्वला लेकराला घेऊन गप्प बसलेली. हायवे सोडून वस्तीच्या रस्त्याला वळलो, आता घर आलंच असं मनात आलं, आणि माझा डोळा लागला. किती वेळ, सांगता येत नाही. सटवाने मेंढरांना "हुर्रर्रा" अशी हाक दिली, ती माझ्या कानात शिरली. तीस वर्षं ज्या हाकेला उठलो त्याच हाकेने डोळा उघडला. समोर सगळं पांढरं-काळं, नुसती मेंढरं. चाक फिरवलं आणि दगडावर गेलो.

वस्तीवरचे लोक गोळा झाले. विचारायला लागले, "आबा, काय झालं?" माझ्या तोंडातून निघालं, "सटवाचं मेंढरू आडवं आलं." सटवा तिथंच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि कळप पुढे नेला. लोक त्यालाच बोलले, जरा आवरून ने रे मेंढरं म्हणून. मी ऐकत राहिलो.

तुला वाटतं मला गाडी सोडवत नाही. पोरी, मी त्या दिवसापासून चाकाला हात लावलेला नाही. दवाखान्याला कुणी बोलावलं की हनुमान्याला पाठवतो आणि पाठ दुखते म्हणतो. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, देवानेच लिहून घेतलं. डोळा मिटला की ओरडणारं काही असेल तर मी पुन्हा गाडी धरेन, नाहीतर नाही. म्हणून विचारत होतो. आणि तू लिहिलंस, तुम्ही डुलकी घेणाऱ्यांतले नाही.

आणखी एक. पिवळा दिवा लागतो. मी "दिसत नाही" असं लिहिलं होतं, कारण त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे. गाडी घेतली त्याच आठवड्यात तो लागला, दोन वर्षं लागलेलाच आहे. गॅरेजवाला आप्पाराव म्हणाला होता, "गाडी पळती न्हवं? मग दिव्याला कावून घाबरता?" बसणारी माणसं उगाच घाबरतात म्हणून मी पट्टी लावून टाकली.

गाडी हनुमान्याला देऊन टाक. मी राग धरणार नाही.

आबा

*

पुणे,
८ डिसेंबर

आबा, आबा, आबा!

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग पुन्हा वाचलं, आणि पिवळ्या दिव्याच्या परिच्छेदावर ताडकन उठून बसले. दिवा दोन वर्षांपासून लागतोय! गाडी घेतली त्याच आठवड्यापासून! दगडाला धडकलात ऑक्टोबरात. मग धडकेने रडार मोडलं असं कसं म्हणता येईल? ते आधीपासूनच आंधळं होतं. डॉक्टरसाहेबांकडे असताना ठीक, आणि तुमच्याकडे आल्या आल्या बंद. आठवडाभरात असं काय झालं असेल?

मग तुमचा फोटो बघितला.

आबा, गाडीच्या तोंडावर, जाळीच्या मधोमध, जिथे कंपनीचं चिन्ह असतं तिथे काय आहे ते? हातभर पिवळाधम्मक भंडारा, आणि त्याच्यात तळव्याएवढा पितळेचा बिरोबाचा टाक! मी फोटो बद्रीनाथला दाखवला. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, रडार बरोबर त्या चिन्हाच्याच मागे असतं. समोर पितळेची चकती म्हणजे डोळ्यावर तवा बांधल्यासारखं झालं." मग आम्ही दोघंही इतके हसलो की मॅनेजर बाहेर आले.

मी चिखल विचारला, पिशवी विचारली, स्टिकर विचारलं. तुम्ही खरंच उत्तर दिलंत. देव कुठे अडचण असतो!

आबा, टाक काढावा लागेल. मी हे सहज लिहीत नाही, मला ठाऊक आहे आईने तो किती भक्तीने बसवला असेल. पण तो काढून चिन्ह साबणाच्या पाण्याने पुसलं, की माझा अंदाज आहे दिवा विझेल. विझला तर गाडी पूर्ण पास.

डुलकीचं. मी तुम्हाला रागावणार होते. पण मला आठवलं, मी दहावीत नापास झाले तेव्हा निकाल लपवला होता, शेवटी पत्रात कबूल केला, तर तुम्ही उलट कार्डावर एवढंच लिहिलं होतंत की सांगितलंस ते बरं केलंस, आता पुढचं बघू. सांगितलंत ते बरं केलंत, आबा. पुढचं बघू. पण सटवाकाकांना सांगायचं काम माझं नाही, ते तुमचं.

दिपाली

*

खंडागळे वस्ती
१५ डिसेंबर

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. डुलकीचंही दाखवलं. तिने माझ्या ताटात जास्तीची भाकरी टाकली. पण टाकाचं ऐकलं आणि भडकली. "देव काढून फेका आन् यंत्र बसवा, हेच शिकवलं का पुण्यानं?" म्हणाली. मलाही गप्प बसवेना. अगं, कळप चालायचा तेव्हा देवाची परडी कायम पुढच्या घोड्यावर असायची. देव पुढे, मग घोडं, मग मेंढरं, मग आपण. गाडी आली तेव्हा आईने तेच केलं. देव पुढे. आम्ही बीडच्या सोनाराकडून मुद्दाम टाक करून आणला आणि पक्का चिकटवला. आता तो काढायचा कसा?

तसाच सटवाकडे गेलो. तो मेंढरं पाणी पाजून बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. डोळा लागला होता, तुझं मेंढरू आडवं आलं नव्हतं, लोक तुला बोलले ते माझ्यामुळे. त्याने काठी जमिनीत रुतवली आणि म्हणाला, "माझ्या मेंढरावर घातलंस व्हय बे? तीस साल संगं चारलं आपुन." मी म्हटलं, "चुकलो." तो म्हणाला, "चुकलास तर चुकलास. पर वस्तीसमोर बोललास, वस्तीसमोरच मिटव." मी म्हटलं, मिटवतो.

मग टाकाचं सांगितलं. म्हटलं, देव पुढून काढायचा म्हणजे पाप की काय. सटवा हसायला लागला. म्हणाला, "आश्रुबा, देवाची परडी घोड्याच्या पाठीवर बांधायचो आपुन, का घोड्याच्या डोळ्यावर? डोळ्यावर बांधली असती तर घोडं आन् देव दोघं बी नदीच्या ढवात बुडाले असते."

एवढंच. दोन वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आईला येऊन सांगितलं. ती चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "सटवा शाणा हाय. मीच हलवते देव."

रविवारी तिने नारळ फोडला, भंडारा उधळला, देवाला म्हणाली, "बाबा, जरा पाठीवर बस." मी सुरीने टाक सोडवला. आता तो टपावर, पुढच्या बाजूला मधोमध आहे. चिन्ह साबणाने धुतलं. टाकामागे साचलेला दोन वर्षांचा भंडारा, बादलीभर पिवळं पाणी निघालं. आईने ते तुळशीला घातलं.

मग चिकटपट्टी काढली. दिवा लागलेलाच होता. माझं तोंड उतरलं. हनुमान्या म्हणाला, "काका, गाडी जरा चालवून बघू." हायवेला निघालो, तो चाकावर, मी शेजारी. मैलभर गेलो असू आणि दिवा आपोआप विझला. बटण दाबलं, मीटरवर हिरवं चित्र आलं! पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा. हनुमान्याने ब्रेकला पाय लावला नाही तरी गाडीने आपणहून वेग कमी केला आणि ट्रॅक्टरच्या मागे अंतर राखून चालत राहिली, कळपामागच्या शहाण्या कुत्र्यासारखी. आम्ही दोघं ओरडलो. मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही.

संध्याकाळी पारावर चार माणसं होती. त्यांच्यासमोर मी सांगितलं की सटवाच्या मेंढरांची चूक नव्हती, माझा डोळा लागला होता. सटवाने तंबाखूची डबी माझ्यापुढे केली.

आता तुझं यंत्र घेऊन ये.

आबा

*

पुणे,
१९ डिसेंबर

आबा,

आज यादीत तुमच्या गाडीसमोर बरोबरची खूण केली. नोकरीला लागल्यापासून किती खुणा केल्या असतील, पण ही केल्या केल्या मी बद्रीनाथला बोलावून दाखवली.

बद्रीनाथ म्हणतो, आमच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वाढवायला हवा: "गाडीच्या तोंडावर देव आहे का?" तो चेष्टेत म्हणाला, पण मी खरंच वाढवलाय.

शनिवारी येते, डबा घेऊन. सोबत एक गोष्ट कबूल करून घेणार आहे. यंत्र ओरडतं म्हणून दुपारचं जेवून लगेच गाडी काढायची नाही. अर्धा तास बाजेवर पडायचं, मग निघायचं. डबा मदतीला आहे, झोपेची सोय म्हणून नाही. हे मी गिऱ्हाइकांनाही सांगते आणि ते ऐकत नाहीत. तुम्ही ऐका.

आईला सांगा, सटवाकाकांना शनिवारी जेवायला बोलाव.

दिपाली

*

खंडागळे वस्ती
२ जानेवारी

चि. दिपालीस आबाचा भरभरून आशीर्वाद.

तू गेलीस त्याला पाच दिवस झाले. डबा काचेवर व्यवस्थित आहे. तू गेल्यावर मी तीन दिवस चाकावर बसून वस्तीतच फेऱ्या मारल्या. उभ्या गाडीत तू डोळे मिटायला लावले होतेस ना, तसं मी अजूनही रोज करून बघतो. तो ओरडला की आई घरातून म्हणते, "असलं एक स्वयंपाकघरात बी लावून द्यायला सांगा, दूध उतू जातं."

काल सकाळी उज्ज्वला दारात आली, लेकराला घेऊन. लेकराचं नाव माऊली ठेवलंय. दहा आठवड्यांची लस राहिली होती, चौसाळ्याला न्यायचं होतं. तिचा नवरा अजून कारखान्यावरच आहे. मी म्हटलं, "थांब, हनुमान्याला हाक मारतो." ती म्हणाली, "हनुमानभाऊ कावून? तुमीच चला की आबा."

मी गाडी काढली. चाळीसच्या वर नेली नाही. ज्या दगडाला धडकलो तो आला तेव्हा वेग आणखी कमी केला. तेवढ्यात मागून ती सहज म्हणाली, "आबा, त्या दिशी तुमाला डुलकी लागली व्हती न्हवं?"

मी आरशात बघितलं. ती लेकराची टोपी नीट करत होती. म्हटलं, "तुला सटवानं सांगितलं का पारावरच्यांनी?"

"न्हाई. मला तवाच दिसलं व्हतं, आरशात. तुमचं डोळं मिटलेलं. मी हाक मारणार तेवढ्यात सटवाबाबानं हाक दिली."

दिपाली, म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिच्यासमोर मी मेंढरांवर घातलं, आणि तिने वस्तीला काही सांगितलं नाही. मी विचारलं, "मग माझ्याच गाडीत परत कावून बसलीस, पोरी? लेकरू घेऊन?"

ती म्हणाली, "तुमी त्या दिसापासनं चाकाला हात लावला न्हाई, ते बी मला दिसत व्हतं ना. ज्याला इतकं भ्या वाटतंय त्याच्याच गाडीत लेकरू न्यावं."

लस टोचली, माऊली जरा रडला, परत येताना झोपला. डब्याने जाता-येता एकदाही आवाज केला नाही. त्यांना घरी सोडलं, गाडी लावली, आणि मी आईजवळ ओट्यावर बसून पोटभर रडलो. आई घाबरली. मी म्हटलं, "काही न्हाई गं, लई बरं वाटतंय."

उद्या सकाळी सटवाला त्याच्या गुडघ्यासाठी बीडला न्यायचंय. जेवायच्या आधीच निघू.

तुझा
आबा